सांडशीची कैफियत

आमच्या घरी गेल्या आषाढात एके दिवशी सकाळी दीड लिटर दूध उतू गेले, आणि ते कोणाच्या गाफीलपणामुळे अथवा शेगडीच्या दोषामुळे नव्हे, तर केवळ शब्दार्थविषयक मतभेदामुळे गेले, ही गोष्ट मी आरंभीच रुजू करून ठेवतो. दूध वर येऊ लागले तेव्हा आमच्या मातोश्री देवघराच्या उंबऱ्यावरून ‘अगं सांडशी घे, सांडशी!’ म्हणून बजावीत होत्या. आमचे कुटुंब ‘पक्कड कुठं ठेवलीय कुणी?’ असे विचारीत मांडणीवरील भांडी खालीवर करीत होते. आणि ज्या वस्तूच्या नावाने हा उभयपक्षी घोष चालला होता ती वस्तू माझ्या उजव्या हातात असून तिच्या साहाय्याने मी बाहेरच्या खोलीतील भिंतीतून गेल्या वर्षीच्या कालनिर्णयाचा खिळा उपटीत होतो. एवढे पुकारे होत असता तुम्ही जागचे हललात का नाही, असा सवाल पुढे मला करण्यात आला, व त्याला मी जे खरे तेच उत्तर दिले. खिळे उपटण्याच्या हत्याराला आमचा सुतार जंबूर म्हणतो. सबब तूर्त आपल्या हातात जंबूर आहे अशीच माझी प्रामाणिक समजूत होती, आणि सांडशी किंवा पक्कड यांपैकी कोणतीही चीज आपल्या कब्जात असल्याची शंकासुद्धा मला शिवली नाही. हे उत्तर समाधानकारक मानण्यात आले नाही.

(शेगडीची कळ फिरवली असती तरी भागले असते, हा मुद्दा त्या वेळी कोणालाच सुचला नाही. तो मला आत्ता लिहिताना सुचत आहे, आणि घरात तो काढण्याचा माझा मुळीच विचार नाही.)

ओटा पुसून झाल्यावर रीतसर पंचनामा झाला. मातोश्री वाईच्या, त्यांच्या माहेरी कृष्णाकाठी चार पिढ्या सांडशीनेच पातेली उतरली, आणि पक्कड हा शब्द त्यांच्या मते तारा जोडणाऱ्या वायरमनच्या पिशवीतला असून अन्नाजवळ आणण्याच्या लायकीचा नाही. कुटुंब गिरगावचे; त्यांच्या चाळीत दोनही मजल्यांवर पक्कडच चालत असे, व सांडशी म्हणणाऱ्या माणसाकडे तेथे ‘गावाहून कधी आलात?’ अशा नजरेने पाहिले जाई. इतक्यात शेजारचे तात्या, जे आमच्याकडे काही सांडले की वासाने येतात, ते येऊन ठेपले, आणि मातोश्रींचा पक्ष बळकट करण्याच्या सद्हेतूने म्हणाले, “अहो, यात वादाचं काय आहे? सांडू नये म्हणून जी धरायची ती सांडशी. सरळ सांडणे धातूवरून आलाय शब्द.” यावर आमच्या कुटुंबाने जी उलटतपासणी केली ती एखाद्या वकिलाने टिपून ठेवावी अशी होती. “म्हणजे नावातच सांडणं आहे म्हणा की! मग दूध राहील कसं, तात्या? पक्कड म्हटलं असतं तर पकडलं गेलं असतं.”

मातोश्री काही बोलल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिले. आमच्या घरात कोणताही दावा अशा रीतीने माझ्या दप्तरी दाखल होतो, आणि तो माझ्याकडे येतो तो मी सुज्ञ आहे म्हणून नव्हे, तर दुपारचा रिकामा असतो म्हणून. मी मोल्सवर्थसाहेबांच्या १८५७ सालच्या कोशाची माझी जुनी प्रत काढली, दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे १९३२ ते १९३८ या सालांत निघालेले सातही खंड एकावर एक रचले, त्यांवर कृ. पां. कुलकर्ण्यांचा १९४६चा व्युत्पत्तिकोश कळसासारखा ठेवला, आणि चष्मा पुसून बसलो. जाता जाता सांगण्यासारखी गोष्ट अशी, की मोल्सवर्थची ती प्रत मागे एकदा मी बांधणीस दिली असता बाइंडरने ती ज्या दोन फळ्यांच्या मधे स्क्रू आवळून ठेवली होती त्या यंत्राला तो शिकंजा म्हणत होता. शिकंजा हा शब्द फारसी असून त्या भाषेत त्याचा अर्थ छळ, यातना असा आहे. शब्दांची एवढी सेवा करणाऱ्या ग्रंथाला अखेर एका शब्दाच्याच यातना भोगाव्या लागल्या, हे पाहून मला त्या दिवशी बाइंडरला पैसे कमी द्यावेसे वाटले होते. पण बांधणी पक्की निघाली.

तात्यांचा निकाल लावायला फार वेळ लागला नाही. सांडशीचा सांडण्याशी काडीचाही संबंध नाही. ती आहे संस्कृत संदंश. सम् म्हणजे एकत्र, आणि दंश म्हणजे चावा. दोन्ही बाजूंनी एकदम चावते ती संदंश. पुढे प्राकृताच्या तोंडी दचा ड झाला, जसा तो याच घराण्यातल्या डसणे या क्रियापदात झाला आहे. मग लोहाराच्या भट्टीत लाल लोखंड धरणारा तो झाला सांडस, आणि पळा आणि पळी यांच्या न्यायाने स्वयंपाकघरातली त्याची धाकटी बहीण झाली सांडशी. हिचा गोतावळाही मोठा आहे. गुजरातेत ती साणसी, हिंदुस्थानीत सँडसी, नेपाळात सनासो. बंगाल्यांची साँडाशी तर स्वयंपाकघर सोडून थेट रणांगणावर गेली असून, शत्रूला दोन्ही बगलांनी एकदम दाबणाऱ्या सैन्याच्या चालीला तिकडची वृत्तपत्रे साँडाशी आक्रमण असे म्हणतात. पाली भाषेत मात्र या उपकरणाचे नाव जसेच्या तसे ‘संडास’ असे आहे. हा दाखला मी मोठ्या उत्साहाने वाचून दाखविताच कोश मिटून ठेवण्याचा हुकूम झाला, आणि या एका बाबतीत सासू आणि सून यांचे तत्काळ एकमत झाले. त्या पाली शब्दाचा आपल्या घरातील त्या खोलीशी कोणी संबंध लावू नये, एवढे मी त्यानंतर खालच्या आवाजात सांगितले.

या दंश धातूची बाकीची अपत्ये पाहिली, तर सांडशीचे भाऊबंद किती जवळ राहतात याचे आश्चर्य वाटते. डास हा तिचा सख्खा भाऊ. दंश या शब्दाचाच तो मराठी अवतार आहे, आणि घराण्याचा धंदा त्याने सोडलेला नाही. दाढ ही दंष्ट्रेपासून निघालेली, म्हणजे तीही त्याच रक्ताची. गेल्या वर्षी माझी खालची डावी दाढ एका दंतवैद्याने काढली. त्याने तिला चकचकीत पोलादी चिमट्यात धरून प्रथम डावीकडे, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, असे सुमारे दहा मिनिटे हलविले. आणि भूल दिलेली असल्यामुळे वेदना नव्हती, परंतु एखाद्या जुन्या वाड्याची चौकट निखळावी तसा कवटीच्या आतून येणारा करकर आवाज मला स्वच्छ ऐकू येत होता. त्या वेळी मी डोळे मिटून रामनाम घेत होतो. आज व्युत्पत्ती कळल्यावर वाटते, की ती शस्त्रक्रिया नव्हतीच. संदंशाने दंष्ट्रेला पिढीजात वतनातून बेदखल करण्याची ती निव्वळ भाऊबंदकी होती, आणि नेहमीप्रमाणे खर्च तिसऱ्याच्या बोडक्यावर पडला.

तो दंतवैद्य आपल्या हत्याराला फोर्सेप्स म्हणत होता, आणि म्हणताना त्याचा चेहरा फार गंभीर होत होता. तो शब्द लॅटिन असून त्याचा मूळ अर्थ ‘ऊन पदार्थ धरणारी’ इतकाच आहे. म्हणजे आमच्या शेगडीजवळच्या खिळ्याला जी लटकते, तीच. तिकडे चुलीजवळचा शब्द शल्यगृहात जाऊन प्रतिष्ठित झाला; आमच्याकडे शल्यशास्त्राच्या पोथीत मानाने बसलेला शब्द दुधाच्या पातेल्याशी येऊन उभा राहिला. बढती आणि बदली यांचे हुकूम भाषेच्या कचेरीतही फारसा विचार करून निघत नसावेत.

शल्यशास्त्राची पोथी म्हणजे अर्थात सुश्रुताची. त्याने यंत्रांची गणना केली आहे ती नेमकी एकशे एक. त्यांत नळ्या आहेत, शलाका आहेत, ताल नावाची दोन यंत्रे आहेत, आणि संदंशही दोन; परंतु वाचणाऱ्याने रेंगाळावे असे प्रकरण म्हणजे चोवीस स्वस्तिक यंत्रांचे. एकमेकांवर फुलीसारख्या ठेवलेल्या अठरा अंगुळे लांबीच्या दोन भुजा, त्यांना मधोमध जोडणारा मसुराच्या दाण्याच्या आकाराचा खिळा, मुठीकडची टोके अंकुशासारखी वळविलेली, आणि हाडात रुतलेले शल्य उपटणारे तोंड कोणा ना कोणा पशुपक्ष्याचे. सिंहमुख आहे, व्याघ्रमुख आहे, अस्वल, मांजर, कोल्हा, कावळा, घुबड, ससाणा, गिधाड, क्रौंच या सर्वांची मुखे तेथे हजर आहेत. एखाद्या सैनिकाच्या हाडात बाण मोडून राहिला असता वैद्याने शिष्याला ‘अरे, तो कोल्हा दे, नाही, नको, घुबड दे’ असे म्हटले असेल, आणि ते शब्द पडल्या पडल्या ऐकणाऱ्या त्या सैनिकाची अवस्था काय झाली असेल, याचा विचार माझ्या मनातून अजून जात नाही. या साऱ्या मेळाव्यात सुश्रुताने अग्रपूजेचा मान दिला आहे तो कंकमुखाला, म्हणजे बगळ्यासारख्या लांब चोचीच्या कंक पक्ष्याला. ते आत सहज शिरते, आत फिरते, नेमके धरते आणि धरलेले घेऊन बाहेर येते, अशी त्याची शिफारस आहे. मला तर ती एखाद्या हुशार कारकुनाच्या गोपनीय अहवालासारखी वाटते.

राहिले दोन संदंश. ते सोळा अंगुळे लांबीचे असून त्वचा, मांस, शिरा, स्नायू यांत शिरलेले शल्य काढण्यासाठी आहेत, आणि त्यांचे प्रकार दोन, सनिग्रह व अनिग्रह. हे वाचून मी उठलो आणि आमची सांडशी माझ्या बोटांनी मोजली. ती अकरा अंगुळे भरली. तिच्या दोन पायांना जोडणारा खिळा कधीकाळी घट्ट असला पाहिजे, परंतु गेली दोन वर्षे तो इतका सैल झाला आहे की पातेल्याचा काठ धरल्यावर वरचा ओठ एका दिशेने व खालचा दुसऱ्या दिशेने सरकतो, आणि भरलेले पातेले हवेत असतानाच आपली मान हळूच फिरवून उचलणाऱ्याकडे पाहू लागते. सुश्रुताच्या परिभाषेत सांगायचे तर आमची सांडशी पूर्वी सनिग्रह होती. हल्ली तिचा निग्रह सुटला आहे.

स्वर्गात या उपकरणाची काय व्यवस्था आहे ते कोठे वाचनात आले नाही, परंतु नरकात मात्र त्याच्या नावाचे स्वतंत्र खातेच आहे. भागवताच्या पाचव्या स्कंधात अठ्ठावीस नरकांची जी यादी आहे तीत रौरव, कुंभीपाक, अंधकूप या सुप्रसिद्ध स्थळांबरोबर संदंश नावाचाही एक नरक असून, संकट नसता दुसऱ्याचे सोने-रत्ने चोरणाऱ्याची कातडी तेथे यमदूत तापलेल्या सांडशांनी ओढून काढतात. ही माहिती ऐकून मातोश्रींना बरे वाटले. समोरच्या बिऱ्हाडाने आमची पूर्वीची, म्हणजे पितळेची, चांगली वजनदार सांडशी संक्रांतीला तिळगुळाचा पाक उतरवण्यासाठी म्हणून नेली ती अद्याप परत केलेली नाही, आणि सोने चोरणाऱ्याला सांडशी, तर प्रत्यक्ष सांडशीच चोरणाऱ्याला काय, असा प्रश्न त्यांनी मला विचारला. यावर व्यासांनी मौन पाळले आहे.

पण संदंशाचा सर्वांत सूक्ष्म उपयोग केला तो मीमांसकांनी. यज्ञातील एखादी क्रिया कोणत्या कर्माचे अंग आहे हे कळेनासे झाले, आणि तिच्या आधी सांगितलेली व नंतर सांगितलेली या दोन्ही क्रिया एकाच कर्माची अंगे आहेत असे ठरले, तर सांडशीच्या दोन पायांत सापडल्याप्रमाणे मधली क्रियाही त्याच कर्माचे अंग समजावी, असा त्यांचा न्याय आहे. आणि अशा मधल्या बिचारीला संदंशपतित म्हणतात. हा न्याय कितपत व्यवहार्य आहे याचा मला स्वतःला अनुभव आलेला आहे. एकदा वाईहून पुण्यास एसटीने येताना तिघांच्या बाकावर मला मधली जागा मिळाली. खिडकीशी बसलेल्या बाईंना वारा हवा होता, कडेला बसलेल्या त्यांच्या यजमानांना पाय लांब करायचे होते, आणि दोघेही जागा बदलायला तयार नसल्यामुळे त्यांचा संसार माझ्या मांडीवरून चालला होता: चिवड्याचा डबा इकडून तिकडे, पाण्याची बाटली तिकडून इकडे, आणि त्यांच्या धाकट्या मेव्हण्याविषयीचे मतभेद माझ्या नाकासमोरून दोन्ही दिशांना. कंडक्टर आला, त्याने आम्हां तिघांवरून एक नजर फिरवली, आणि कडेच्या गृहस्थांच्या हातात ‘तीन फुल’ म्हणून तिकिटे दिली. त्यांनीही भांडणाच्या भरात तिघांचे पैसे मोजले. त्या कंडक्टरने मीमांसा वाचलेली नसणार, पण त्याचा निर्णय बिनचूक होता: दोन अंगांच्या मधे जे सापडले ते त्याच कुटुंबाचे अंग. शिरवळला चहासाठी गाडी थांबली तेव्हा गृहस्थांनी हिशेब केला, आणि मला कुटुंबातून काढून टाकून भाडे वसूल केले. चिवड्याबद्दल ते काही बोलले नाहीत.

आता माझ्या हातातल्या जंबुराविषयी, कारण मूळ गुन्हा तेथे घडला. हा शब्द फारसी. त्या भाषेत जंबूर म्हणजे मधमाशी किंवा गांधीलमाशी, आणि चिमट्यासारखे हत्यार असाही त्याचाच एक अर्थ. संस्कृत पंडिताला सांडशी पाहून दात आठवला, फारसी कारागिराला तीच पाहून गांधीलमाशीची नांगी आठवली; दोघांचे एकमेकांशी बोलणे झाले असण्याचा संभव नाही, तरी दोघांनाही पहिली आठवण झाली ती चावल्याचीच. मला यात एक प्रकारचा कृतघ्नपणा दिसतो. जी वस्तू आपण भाजून घेऊन दुसऱ्याची बोटे वाचवते, तिचे नाव ठेवताना माणसाने जगातील तमाम चावरे प्राणी धुंडाळले, आणि तिने कधी एक बोट तरी वाचवले होते याची नोंद कोणत्याही भाषेच्या नामकरणात केली नाही. गांधीलमाशीची गोष्ट येथेच संपत नाही. तिच्यावरून उंटाच्या पाठीवर बसविलेल्या लहान तोफेलाही जंबुरक, म्हणजे छोटी गांधीलमाशी, असे नाव पडले. आपल्या बखरींतून ती जंबुरा होऊन येते. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर अब्दालीच्या उंटांवरून ज्या जंबुरकांनी आमच्या फौजेवर मारा केला, त्यांचे आणि आमच्या सुताराच्या पिशवीतल्या जंबुराचे कूळ एक. हे मी सुताराला सांगितले. तो म्हणाला, “असंल. पण खिळा वाकडा उपटला की भिंतीचा गिलावा जातो, साहेब, तेव्हा पुढच्या खेपेला मला बोलवा.” आणि तोफ लागावी तसा आमच्या भिंतीत पडलेला खड्डा त्याने मला बोटाने दाखविला.

चावण्याच्या या साथीतून एकटा चिमटा वाचला आहे. तो बोटांच्या घराण्यातला; चिमूट, चिमटी, चिमटणे हे त्याचे गणगोत, आणि अंगठा व तर्जनी यांच्या टोकांची जी भेट होते तीच लोखंडात ओतली की चिमटा झाला. भरताने नाट्यशास्त्रात हस्तमुद्रा सांगताना या बोटांच्या भेटीलाही संदंशच म्हटले आहे, पण मराठीने तेथे दात आणले नाहीत, याबद्दल तिचे आभार मानले पाहिजेत. फुलक्यांचा चिमटा, केसांचा चिमटा, वाळत घातलेल्या धोतराचा चिमटा, बैराग्याच्या खांद्यावरचा हातभर लांबीचा, कड्या खुळखुळणारा चिमटा, हे सर्व एकाच नावाखाली सुखाने नांदतात. महाराष्ट्रात मात्र सर्वांत अधिक वापर कोणत्या चिमट्याचा झाला असेल, तर तो पोटाला घेण्याच्या. माझ्या वडिलांनी पोटाला चिमटा घेऊन हे घर बांधले असे मातोश्री सांगतात. त्या चिमट्याची लांबी सुश्रुताने दिलेली नाही, परंतु घराचे हप्ते पाहता तो चांगला सतरा वर्षे आवळून धरलेला होता. अडकित्त्याचा समावेश मी या प्रकरणात करणार नाही; तो कानडी मुलखातून आला, अडके म्हणजे सुपारी, तो धरतो ते कातरण्यासाठी, आणि त्याच्या धरण्यावर विश्वास टाकणे सुपारीलाही परवडलेले नाही. चापाचे प्रकरणही तहकूब ठेवतो. केसांना, कागदांना आणि खर्चाला लागतो तो चाप आमच्या घरात तिन्ही ठिकाणी कुटुंबाच्याच हाती आहे.

राहता राहिली पक्कड, आणि कुटुंबाचा पक्ष असल्यामुळे तिच्याविषयी मला जपून लिहिले पाहिजे. तिच्या नावात ना दात, ना नांगी, ना बोट. पकडते ती पक्कड, इतका साधा सरळ कारभार. माझे लक्ष वेधले ते तिच्यातल्या दोन कांनी. कबड्डीच्या मैदानावर चढाई करणाऱ्याच्या पायाला जी मिठी पडते ती पकड, तीत क एकच. कुस्तीतली पकड, तीतही एकच. गवई ज्या चार स्वरांवरून राग ओळखू येतो त्यांनाही रागाची पकड म्हणतो, आणि भातखंड्यांनी आपल्या ग्रंथांत रागागणिक ती नोंदून ठेवली आहे; मी तरुणपणी सहा महिने एका गायनवर्गाला जात असे, तेथे प्रत्येक रागाची पकड मला पाठ झाली, पण राग एकही सापडला नाही, हे कदाचित त्या एका कमुळेच झाले असेल. मराठी माणसाने हत्यार लोखंडाचे केले त्या क्षणी मात्र दुसरा क आपण होऊन आला. मी आरशासमोर उभा राहून हा शब्द अनेकवार उच्चारून पाहिला आहे. ‘पकड’ म्हणताना जीभ नुसती टेकून सुटते. ‘पक्कड’ म्हणताना ती टाळूला चिकटून क्षणभर तशीच राहते, वरचा जबडा आणि खालचा जबडा मधे काहीतरी धरून बसल्यासारखे, आणि मग सोडते. दोन जबड्यांना दोन क. एवढी नेमकी व्युत्पत्ती संस्कृतातही मला क्वचितच आढळली. तिसऱ्यांदा मोठ्याने म्हणालो तेव्हा कुटुंबाने स्वयंपाकघरातून “सापडली का?” असे विचारले.

याप्रमाणे सर्व दाखले गोळा करून मी रविवारी सकाळी, चहाच्या वेळी, उभय पक्षांसमोर निकाल वाचला. सांडशी हा शब्द कुळाने थोर, सुश्रुत-व्यास-मीमांसकांच्या पंक्तीला बसलेला, सांडण्याचा आरोप त्याच्यावरून निखालस काढून टाकण्यात येत आहे. पक्कड हा शब्द कुळाने साधा परंतु वागणुकीने सरळ, सबब त्यासही स्वयंपाकघरात राहण्यास मुभा असावी. आणि खुद्द वस्तूचा खिळा आवळून आणण्याचे काम प्रतिवादीने, म्हणजे मी, येत्या बाजाराच्या दिवशी करावे. निकालाच्या अखेरीस मी सुश्रुताचे एक मत जोडले होते. एकशे एक यंत्रे मोजून झाल्यावर तो म्हणतो, की या सर्वांत प्रधान यंत्र म्हणजे हात, कारण त्यावाचून बाकीच्यांचे काहीच चालत नाही. हे वाक्य मी थोडे सावकाश आणि भारदस्त आवाजात वाचले. ती माझी चूक झाली.

उभय पक्षांनी निकाल मान्य केला, आणि त्यांतला हा शेवटचा भाग तर मनापासून मान्य केला. बाजारात मी अद्याप गेलेलो नाही. निग्रह सुटलेली ती सांडशी, अथवा पक्कड, भिंतीतल्या नव्या खिळ्याला लटकते आहे आणि तिला हात लावण्याचे कोणाला कारण पडत नाही. दूध वर येऊ लागले की देवघरातून “अरे!” अशी एक हाक येते, ओट्याजवळून “अहो!” अशी दुसरी येते, वस्तू एकच असते, आणि ती फडके घेऊन उठते.